स्वादुपिंडाच्या स्वप्रतिरक्षित विकारांचे निदान : एक ऐतिहासिक आढावा (वऱ्हाडच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवा असलेला अवयव आहे. तपासणाऱ्याच्या बोटांना तो लागत नाही आणि त्यात खडे झालेले नसतील तर साध्या क्ष-किरण चित्रातही दिसत नाही. त्यामुळे या अवयवाच्या रोगांचे निदान शतकानुशतके त्यांच्या परिणामांवरून, म्हणजे मूत्रातील साखर, कृशता, कावीळ आणि पोटदुखी यांवरून करावे लागले. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटली असता जे विकार होतात त्यांना स्वप्रतिरक्षित विकार म्हणतात. स्वादुपिंडाच्या बाबतीत असे प्रमुख विकार दोन आहेत. एकात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींचा नाश होतो. हाच पहिल्या प्रकारचा मधुमेह होय. दुसऱ्यात पाचकरस निर्माण करणारा भाग व त्याच्या नलिका यांना सूज येते. त्यास स्वप्रतिरक्षित स्वादुपिंडदाह असे म्हणतात. पहिला बहुधा बालकांना व तरुणांना गाठतो, तर दुसरा मुख्यत्वे उतारवयातील पुरुषांना.

या दोन विकारांच्या निदानाचा इतिहास सामान्यतः स्ट्रासबर्ग, टोरांटो, लंडन आणि जपानमधील मात्सुमोतो या शहरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. युरोपात तयार झालेल्या व्याख्या भारतातील कृश रुग्णाला लावताना दीर्घकाळ संभ्रम निर्माण झाला. हा रुग्ण कुपोषणाचा आहे की स्वप्रतिरक्षेचा, या प्रश्नाभोवती भारतीय वैद्यकातील जवळजवळ अर्धशतकाचे संशोधन फिरत राहिले. या प्रश्नाचा वऱ्हाडाशी थेट संबंध आहे. जिल्ह्याच्या एका टोकाला मेळघाटचे कुपोषण व दुसऱ्या टोकाला बडनेऱ्यासारखे रेल्वेचे जंक्शन असलेल्या अमरावती जिल्ह्यात कृश व तहानलेले मूल दवाखान्यात येते, तेव्हा डॉक्टरच्या मनात प्रथम कोणता रोग येतो यावर त्या मुलाचे जगणे अवलंबून असते.

मूत्रपरीक्षेपासून इन्सुलिनपर्यंत

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. सहज प्रमेहाचा रुग्ण कृश, रूक्ष, अल्पाहारी व तृषार्त असतो, तर अपथ्यजन्य प्रमेहाचा रुग्ण स्थूल व बहुभोजी असतो. या वर्णनात आजचे दोन प्रकार जसेच्या तसे पाहण्याचा मोह अनेक लेखकांना झालेला आहे. तो आवरला पाहिजे, कारण त्या ग्रंथात स्वादुपिंडाचा या रोगाशी संबंध जोडलेला नाही. मात्र कृश आणि स्थूल मधुमेही यांना एकच औषध चालणार नाही ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. मूत्राला मुंग्या लागणे हे लक्षणही भारतात प्राचीन काळापासून परिचित आहे.

रोगाचे स्थान निश्चित होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या लहान बेटांचे वर्णन केले. त्यांचे कार्य काय हे त्याला सांगता आले नाही. १८७४ मध्ये अ‍ॅडॉल्फ कुसमाउल याने मधुमेही बेशुद्धीपूर्वीच्या खोल व जोरकस श्वासाची नोंद केली. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्याला तीव्र मधुमेह झाला. पुढे १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी टोरांटोत इन्सुलिन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्याची पहिली मात्रा टोचण्यात आली. ती अशुद्ध असल्याने अपयशी ठरली. २३ जानेवारीपासून दिलेल्या सुधारित अर्काने मात्र मुलगा वाचला.

इन्सुलिन मिळाले तरी रोग का होतो हे कळले नव्हते. उपचार सापडला आणि कारण अज्ञात राहिले, अशी उदाहरणे वैद्यकात थोडी नाहीत. पण येथे त्याचा एक विशेष परिणाम झाला. सर्वच मधुमेह इन्सुलिनच्या अभावाने होतो असे गृहीत धरले गेले. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी काही रुग्ण इन्सुलिनला संवेदनशील असतात व काही नसतात हे दाखवून या गृहीतकाला धक्का दिला. तरीही पुढील चार दशके वर्गीकरण वयावरच चालले. बालपणी झाला तो एक, प्रौढपणी झाला तो दुसरा. जिल्हा पातळीवरील निदानाचे साधन तर बेनेडिक्टचे निळे द्रावणच होते. परीक्षानळीत मूत्राचे काही थेंब टाकून ती दिव्यावर तापवायची आणि निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी यांपैकी कोणता रंग येतो ते पाहायचे. हे साधन स्वस्त होते. त्याने साखर आहे इतके कळत असे, पण ती कशामुळे आहे हे कळत नसे.

स्वप्रतिरक्षेचा शोध

शरीर स्वतःवर उलटू शकते ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांना निसर्गाच्या विरुद्ध वाटली होती. त्यांच्या या मताचा दबदबा इतका होता की, विरुद्ध पुरावे समोर असूनही त्यांचा अर्थ लावण्यास कोणी धजत नसे. १९४० मध्ये स्विस विकृतिशास्त्रज्ञ फॉन मेयेनबर्ग यांनी मृत मधुमेही रुग्णांच्या लँगरहान्स बेटांमध्ये लसिकापेशींचा शिरकाव पाहून त्याला नाव दिले, परंतु त्यातून सिद्धांत उभा राहिला नाही. १९५६ मध्ये लंडनच्या रॉइट व डोनियाक यांच्या गटाने अवटुग्रंथीच्या एका विकारात रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंड असतात हे दाखविले आणि कोंडी फुटली. १९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी रोग सुरू होताच मृत्यू पावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडे तपासली. त्यांपैकी १५ जणांच्या बेटांमध्ये तोच शिरकाव आढळला. मधुमेह जुना झालेल्यांत तो दिसत नसे, कारण तोपर्यंत नष्ट होण्यासारख्या पेशीच उरलेल्या नसत. पूर्वीच्या संशोधकांना तो क्वचितच आढळत असे, यामागेही हेच एक कारण होते.

निर्णायक वर्ष १९७४ होय. लंडन येथे बोटाझ्झो, फ्लोरिन-क्रिस्टेन्सन व डोनियाक यांनी स्वादुपिंडाच्या पातळ छेदांवर रुग्णांचे रक्तद्रव टाकून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली बेटांविरुद्धचे प्रतिपिंड दाखविले. हे प्रतिपिंड प्रथम एकाच वेळी अनेक ग्रंथींचे स्वप्रतिरक्षित विकार असलेल्या रुग्णांत सापडले, ही बाब लक्षणीय आहे. साध्या मधुमेही बालकांत ते शोधण्याचे धैर्य त्यानंतर आले. १९८२ मध्ये बेकेस्कोव्ह व सहकाऱ्यांना ६४,००० रेणुभाराच्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड आढळले. हे प्रथिन म्हणजे ग्लुटामिक अ‍ॅसिड डिकार्बॉक्सिलेज, संक्षेपाने गॅड, हे १९९० मध्ये उलगडले. स्नायू ताठर करणाऱ्या एका दुर्मिळ मज्जाविकाराच्या अभ्यासातून हा दुवा मिळाला होता. इन्सुलिनविरोधी प्रतिपिंड १९८३ मध्ये, तर जस्तवाहक प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड २००७ मध्ये ज्ञात झाले.

या प्रगतीला समांतर दुसरा एक प्रवाह होता. यॅलो व बर्सन यांनी किरणोत्सर्गी पद्धतीने रक्तातील इन्सुलिन मोजण्याचे तंत्र विकसित केले. १९६७ मध्ये स्टायनर यांनी इन्सुलिनचे पूर्वरूप शोधले. त्यापासून इन्सुलिन वेगळे होताना उरणारा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन किती तयार होते, याचे मोजमाप प्रथमच शक्य झाले. प्रतिपिंड हल्ला झाल्याचे सांगतात आणि सी-पेप्टाइड किती शिल्लक उरले हे सांगते. पुढील भारतीय वाद समजण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उष्ण कटिबंधातील कृश रुग्ण

१९५५ मध्ये जमैकात काम करणाऱ्या ह्यू-जोन्स यांनी काही तरुण रुग्णांचा उल्लेख केला. ते कृश होते, त्यांना इन्सुलिनची मोठी मात्रा लागे, पण ते बंद केले तरी रक्त आम्लधर्मी होत नसे. युरोपीय अनुभवानुसार हे अशक्य होते, कारण तेथील असे मूल इन्सुलिनविना थोड्याच काळात दगावत असे. १९५९ मध्ये झुइडेमा यांनी इंडोनेशियातील कुपोषित रुग्णांत स्वादुपिंडात खडे झालेले पाहिले. भारतात केरळच्या पी. जे. गीवर्गीस यांनी असे रुग्ण मोठ्या संख्येने अभ्यासले. त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. ओडिशातील कटक येथे त्रिपाठी व कार यांनी खडे नसलेल्या कृश तरुण मधुमेह्यांचे वर्णन १९६५ मध्ये केले होते.

या साऱ्याचा परिणाम म्हणून १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणजन्य मधुमेह असा स्वतंत्र वर्ग मान्य केला व त्याचे दोन उपवर्ग केले : स्वादुपिंडात खडे असलेला आणि प्रथिनांच्या अभावाचा. भारतीय वैद्यकाच्या दृष्टीने हा गौरवाचा क्षण होता, कारण तिसऱ्या जगातील निरीक्षण जागतिक वर्गीकरणात दाखल झाले होते. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. कुपोषण हे कारण डोळ्यांना दिसणारे असल्याने ते सहज पटे. दिसत नाही ते प्रतिपिंड, आणि ते मोजण्याची सोय त्या काळी मोजक्या संस्थांपलीकडे नव्हती. त्यामुळे कृश तरुणावर कुपोषणाचे नाव चिकटण्याचा धोका होता. इन्सुलिन बंद पडले तरी असा रुग्ण तग धरतो या समजुतीवर विसंबून खऱ्या स्वप्रतिरक्षित रुग्णाला वागविले, तर तो प्राणास मुकला असता.

१९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा वर्ग रद्द केला. कुपोषणाने मधुमेह होतो याचा पुरेसा पुरावा नाही असे कारण देण्यात आले. खडे असलेला उपवर्ग स्वादुपिंडाच्या इतर रोगांत गेला आणि उरलेल्या कृश रुग्णांना घर राहिले नाही. हा निर्णय घाईचा होता, असे मत भारतात अनेकदा मांडले गेले आहे आणि ते निराधार म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात पाचव्या प्रकारचा मधुमेह म्हणून या रुग्णांना पुन्हा मान्यता दिली. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेल्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा रुग्णांत इन्सुलिनचा स्राव कमी असतो, पण तो स्वप्रतिरक्षेमुळे नव्हे, असे दाखविण्यात आले. वर्गीकरणाचा हा वाद मिटला आहे असे मात्र मानता येत नाही.

पुण्याचे काम

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाने केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास खडे असलेल्या स्वादुपिंडाच्या रुग्णांत ट्रिप्सिन व सी-पेप्टाइड या दोहोंची पातळी मोजली. पाचकरस निर्माण करणारा भाग व इन्सुलिन निर्माण करणारा भाग यांची हानी एकाच वेळी अभ्यासण्याचा हा प्रयत्न होता. स्वप्रतिरक्षित मधुमेहात हल्ला बीटा पेशींवर नेमका होतो. खड्यांच्या रोगात मात्र संपूर्ण अवयव झिजत जातो आणि बेटे त्यात ओढली जातात.

पुढचा टप्पा अनुवंशशास्त्राचा होता. २०२० मध्ये पुणे, हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि ब्रिटनचे एक्झेटर विद्यापीठ यांनी संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपीय लोकांत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा जनुकीय धोका मोजण्यासाठी तयार केलेला गुणांक भारतीय रुग्णांना लावून पाहण्यात आला. तो बऱ्याच अंशी उपयोगी ठरला, मात्र काही जनुकांचे वजन येथे वेगळे असल्याचे दिसले. याचा अर्थ असा की, भारतीय मूल कृश दिसले तरी त्याच्या मधुमेहाचे मूळ जर्मन वा फिनिश मुलाच्या मधुमेहासारखेच स्वप्रतिरक्षित असू शकते आणि ते रक्तातून तपासता येते. भारतीय रुग्णांत प्रतिपिंडांचे प्रमाण युरोपीय रुग्णांपेक्षा कमी आढळते. म्हणून प्रतिपिंड नसणे म्हणजे स्वप्रतिरक्षा नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा ठिकाणी जनुकीय गुणांक उपयोगाचा ठरतो.

स्वप्रतिरक्षित स्वादुपिंडदाह

दुसऱ्या विकाराचा इतिहास तुलनेने अल्प आहे. १९६१ मध्ये फ्रान्समधील मार्सेयचे सार्ल्स यांनी रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन वाढलेल्या एका स्वादुपिंडदाहाचे वर्णन केले होते. नाव मात्र १९९५ मध्ये जपानच्या योशिदा यांनी दिले. २००१ मध्ये मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठातील हामानो व सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ हे प्रतिद्रव्य वाढलेले असते हे दाखविले. त्यानंतर कामिसावा यांनी हा विकार केवळ स्वादुपिंडाचा नसून लालापिंड, पित्तनलिका व मूत्रपिंड यांनाही व्यापणारा आहे असे मांडले.

येथे निदानाची चूक वेगळ्या प्रकारची होती. कावीळ झालेला वृद्ध, स्वादुपिंडाच्या शीर्षभागी गाठ, वजनात घट : हे चित्र कर्करोगाचेच वाटे. अनेक रुग्णांचे स्वादुपिंडाचे शीर्ष व लहान आतड्याचा आरंभीचा भाग काढून टाकल्यावर विकृतिशास्त्रज्ञाला कर्करोग सापडत नसे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी विरघळली असती अशी गाठ शस्त्राने काढली गेली होती. हे टाळण्यासाठी जपानने २००२ मध्ये पहिले निकष तयार केले. २००६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सुरेश चारी यांच्या गटाने ऊतिपरीक्षा, प्रतिमा, रक्तपरीक्षा, इतर अवयवांचा सहभाग आणि स्टिरॉइडला मिळणारा प्रतिसाद या पाच आधारांवर निकष मांडले. आंतरराष्ट्रीय एकमत २०११ मध्ये झाले. चारी यांनी त्याआधी मद्रासच्या व्ही. मोहन आदींसमवेत उष्ण कटिबंधीय स्वादुपिंडदाहातील कर्करोगाच्या धोक्यावर काम केले होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात खड्यांचे स्वादुपिंड हा विषय होता, तर येथे कर्करोगाचा भास निर्माण करणारी सूज होती. दोन्हींचा मुक्काम अखेर त्याच प्रश्नावर होता : गाठ घातक आहे की नाही.

आयजीजी-४ वाढणे हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण कर्करोगाच्या काही रुग्णांतही ते वाढलेले आढळते. स्टिरॉइडची चाचणी तर अधिक जपून करावी लागते. ती साधारणपणे दोन आठवडे दिली जाते आणि कर्करोग नसल्याची शक्य तितकी खात्री करून मगच सुरू केली जाते. भारतात त्यात आणखी एक अडचण येते. उदरातील क्षयरोगही गाठ, कावीळ व वजनात घट घडवितो आणि दडलेल्या क्षयरोगात स्टिरॉइड दिल्यास तो भडकतो. जपानी निकषांचे मराठी रूपांतर करताना क्षयाचा हा रकाना जोडल्याशिवाय ते वऱ्हाडात वापरण्याजोगे होत नाहीत.

बडनेरा ते नागपूर

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेल्या या लोहमार्गावरील बडनेरा हे जंक्शन अमरावतीपासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. याच मार्गावर पूर्वेस सेवाग्राम व नागपूर, तर पश्चिमेस अकोला आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या सोयी या मार्गावर सावकाश आल्या. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ ची, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चे, अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ चे, तर अमरावतीचे शासकीय महाविद्यालय २०२४ चे. बडनेऱ्याचा रुग्ण प्रथम गावातील खाजगी दवाखाना, मग अमरावतीचे इर्विन रुग्णालय आणि त्यापुढे गरज पडल्यास सेवाग्राम वा नागपूर, अशा क्रमाने पुढे सरकतो. यांतील प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात जीव घेणारी गोष्ट हीच आहे. कुसमाउलने वर्णिलेला खोल श्वास न्यूमोनिया वा दमा समजला जातो, पोटदुखी शस्त्रक्रियेचा रोग वाटते, उलट्यांवर सलाईन लावले जाते आणि त्यात ग्लुकोज असेल तर साखर आणखी चढते. वजन घटलेल्या मुलाच्या बाबतीत क्षयाचा संशय प्रथम येतो, आणि क्षयाचे प्रमाण पाहता तो गैरही नाही. चूक होते ती त्या संशयाबरोबर बोटातील रक्ताचा एक थेंब तपासला जात नाही तेव्हा. गॅड प्रतिपिंडाची तपासणी नागपूर वा पुण्याला पाठविता येते. ग्लुकोमीटरची पट्टी मात्र त्याच दवाखान्यात, त्याच क्षणी वापरावी लागते. स्वादुपिंडाच्या स्वप्रतिरक्षेचा शंभर वर्षांचा इतिहास या पट्टीशिवाय वऱ्हाडातील मुलापर्यंत पोहोचत नाही.

निदानानंतरचा प्रश्न इन्सुलिनचा आहे. विदर्भात तो हाताळणारी ठळक संस्था म्हणजे डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये नागपुरात सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट. गरीब कुटुंबांतील मधुमेही मुलांना इन्सुलिन व शिक्षण पुरविणे हे तिचे कार्य. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि शीतकपाट नसलेल्या घरात इन्सुलिनची कुपी टिकविण्यासाठी पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्याचा उपयोग होतो. या मडक्यांनी आतील तापमान लक्षणीय उतरते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजून दाखविण्यात आले. वऱ्हाडातील माठाचा हा उपयोग गृहिणींना कोणी शिकवावा लागला नसता, फक्त कुपी त्यांच्या हाती वेळेवर पडायला हवी होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००६ पासून तरुण मधुमेह्यांची नोंदणी सुरू केली आणि २०२२ मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीच्या पहिल्या टप्प्यातील रुग्णांत सुमारे दोन-तृतीयांश पहिल्या प्रकारचे होते. त्याच वर्षी अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. प्रतिपिंड सापडले पण रोग प्रकट झाला नाही, अशा अवस्थेत ते दिले असता रोग काही काळ लांबतो. त्यासाठी निरोगी भावंडांचे रक्त आधी तपासावे लागते. वऱ्हाडात ही तपासणी अद्याप सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

ज्या तरुणाचा प्रकार निश्चित होत नाही, त्याच्या बाबतीत निदानाचा क्रम उलटा चालवावा लागतो. उपचार आधी, नाव नंतर. आरंभीच्या काही महिन्यांत उरलेल्या बीटा पेशी पुन्हा सावरतात व सी-पेप्टाइड भुलवणारे येते. गॅड प्रतिपिंड बहुधा अनेक वर्षे टिकून राहतात, म्हणून ती तपासणी उशिरा केली तरी वाया जात नाही. सी-पेप्टाइडची तपासणी मात्र निदानानंतर सुमारे तीन वर्षांनी अधिक बोलकी ठरते, आणि तोपर्यंत इन्सुलिन चालू ठेवावे लागते.